यीस्टच्या पेशीत सूक्ष्मनलिका उगवतात कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशीविभाजन शिकताना आणि शिकवताना पुन्हा पुन्हा समोर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दहावीच्या पुस्तकातलं सूत्री विभाजन थोडंफार आठवत असेल तर पुढचं सगळं समजेल. प्रथिनांची नावं बरीच येतील. ती पाठ करू नका, कोण कुठे बसतं तेवढं धरून चला.

यीस्ट म्हणजे पाव फुगवतं तेच ना? त्याच्या विभाजनात एवढं बघण्यासारखं काय आहे?

तेच. शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसिई. पेशी साधारण ५ मायक्रोमीटरची, एकगुणित पेशीत गुणसूत्रं १६. चांगलं खाद्य आणि ३० अंश तापमान मिळालं, तर दीड तासात एकीच्या दोन होतात. आईच्या अंगावर कळी फुटते, ती मोठी होते आणि सुटी होते. पुस्तकात याला कलिकायन म्हटलेलं असतं.

पेशी छोटी असली तरी दृश्यकेंद्रकी आहे. गुणसूत्रं केंद्रकात असतात आणि ती दोघींत सारखी वाटायला सूक्ष्मनलिकांचं स्पिंडल लागतंच, म्हणजे पुस्तकातले तुर्कतंतू. माणसाच्या पेशीत सूक्ष्मनलिका अनेक ठिकाणांहून उगवतात: ध्रुवांपासून, गुणसूत्रांच्या आसपास, शिवाय आधीच्या नलिकांच्या कुशीतूनही. यीस्टमध्ये त्या एकाच ठिपक्यापासून उगवतात. त्यामुळे ‘पेशी नलिकेची जागा कशी ठरवते’ हा प्रश्न इथे स्वच्छ विचारता येतो. यीस्टवर इतकी माणसं आयुष्यभर का काम करत बसतात, याचं निम्मं उत्तर मला तरी यातच दिसतं. उरलेलं निम्मं म्हणजे जनुकं बदलण्याची सोय. लेलँड हार्टवेल यांनी १९७० च्या सुमारास विभाजनाच्या ठरावीक टप्प्यावर अडकणारी यीस्टची उत्परिवर्ती वाणं गोळा केली. २००१ चं नोबेल त्यांना पॉल नर्स आणि टिम हंट यांच्यासोबत मिळालं. पुढे येणारी ‘सीडीसी’ने सुरू होणारी नावं त्या वाणांच्या यादीतूनच आली आहेत.

सूक्ष्मनलिका कशाची बनते?

अल्फा आणि बीटा ट्युब्युलिन या दोन प्रथिनांची जोडी ही तिची वीट. जोडीची लांबी ८ नॅनोमीटर. जोड्या एकापुढे एक लागून धागा होतो आणि असे १३ धागे शेजारी शेजारी उभे राहून गोल वळले की २५ नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी तयार होते. सगळ्या जोड्यांचं तोंड एकाच दिशेला असल्यामुळे नळीची दोन टोकं सारखी नसतात. धन टोक झपाट्याने वाढतं आणि तितक्याच झपाट्याने कोसळतं. ऋण टोक बहुधा कुठेतरी रोवलेलं असतं. धन टोकाची ही वाढ-कोसळ टिम मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी १९८४ मध्ये मांडली.

पेशीत ट्युब्युलिन भरपूर असतं. मग नलिका आपोआप का बनत नाहीत?

टोपली विणणाऱ्याला विचारा, अवघड काम बुडाचं असतं. बूड जमलं, उभ्या काड्या नीट रोवल्या गेल्या, की वरचं विणकाम भराभर होतं. सूक्ष्मनलिकेचंही तसंच आहे. दोन-चार जोड्या एकत्र आल्या तरी त्यांचा जम बसण्याआधीच त्या सुटतात. नळी वळण्याइतका मोठा तुकडा एकदा तयार झाला, की मग पुढची प्रत्येक जोडी सहज चिकटते.

परीक्षानळीत ट्युब्युलिनची मात्रा पुरेशी वाढवली तर नळ्या आपोआप होतातही. पण धागे कधी १२, कधी १४, कधी १५ निघतात आणि जागा तर कुठलीही. पेशीला हे परवडत नाही. म्हणून ती आपोआप सुरुवात होणार नाही इतपत ट्युब्युलिन बाळगते आणि बूड मात्र तिला हवं तिथे, हवं तेव्हा ठेवते. या पानावरच्या बाकीच्या बहुतेक उत्तरांत हे बूड कुणी, कुठे आणि कधी ठेवलं, एवढंच सांगितलेलं आहे.

पुस्तकातल्या आकृतीत दोन टोकांना तारककेंद्रं असतात. यीस्टमध्ये ती कुठे असतात?

नसतात. त्या आकृतीतली आणखी एक गोष्टही इथे लागू पडत नाही: पूर्वावस्थेत केंद्रकावरण विरघळतं म्हणतात, ते यीस्टमध्ये विरघळत नाही. सगळं विभाजन बंद केंद्रकाच्या आत होतं. केंद्रक लांबट होतं, मध्ये बारीक होतं आणि तुटतं.

मग नलिकांचं टोक कुठे रोवायचं? त्यासाठी केंद्रकावरणाच्या दोन्ही पापुद्र्यांना आरपार भोक पाडून बसवलेली एक चकती असते. तिला स्पिंडल पोल बॉडी म्हणतात, संक्षेपात एसपीबी. एकगुणित पेशीत तिचा व्यास १०० नॅनोमीटरच्या आसपास, द्विगुणित पेशीत सुमारे १६०. म्हणजे गुणसूत्रं वाढली की चकतीही रुंदावते. तिची एक बाजू केंद्रकाच्या आत असते, दुसरी बाहेर पेशीद्रवात. आतल्या बाजूने निघणाऱ्या नलिका गुणसूत्रं ओढतात, बाहेरच्या बाजूच्या नलिका अख्खं केंद्रक जागेवर नेऊन लावतात.

एसपीबीच्या आत काय असतं?

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ती थरांची दिसते. मुख्य थर तीन: बाहेरचा, केंद्रकावरणाच्या पातळीवरचा मधला आणि आतला. मधल्या आणि बाहेरच्या थराच्या दरम्यान आणखी दोन पातळ थर आहेत.

या थरांची प्रथिनं ओळखण्यात केंब्रिजच्या एमआरसी प्रयोगशाळेतल्या जॉन किलमार्टिन यांचं काम मला सर्वांत देखणं वाटतं. मायकेल राउट यांच्यासोबत त्यांनी यीस्टमधून एसपीबी वेगळ्या काढल्या आणि त्यांच्या घटकांविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली. १९९० मध्ये हे प्रसिद्ध झालं. प्रथिनांना नावं दिली ती त्यांच्या अंदाजे वजनावरून: एसपीसी४२ म्हणजे ४२ किलोडाल्टन, एसपीसी११० म्हणजे ११०. रुक्ष नावं आहेत, पण उपयोगी.

एसपीसी४२ हा चकतीचा गाभा. त्याचे रेणू षट्कोनी जाळीत, जवळपास स्फटिकासारखे रचलेले असतात. पेशीला हे प्रथिन गरजेपेक्षा जास्त बनवायला लावलं, तर जाळी चकतीच्या बाहेर पसरत जाते. म्हणजे रचनेची सूचना प्रथिनातच आहे.

एसपीसी११० हा लांब दांडा आहे. त्याचं एक टोक मधल्या थरात कॅल्मोड्युलिन या छोट्या प्रथिनाला धरून घट्ट बसतं, दुसरं टोक आतल्या थरापर्यंत पोचतं. तो नुसता दांडा आहे हे कसं कळलं? किलमार्टिन यांच्या गटाने १९९३ मध्ये त्याचा मधला भाग कापून आखूड केला. पेशी जगल्या आणि मधल्या व आतल्या थरातलं अंतर तेवढं कमी झालं. इतका सरळ प्रश्न आणि इतकं सरळ उत्तर जीवशास्त्रात क्वचितच जुळून येतं.

गॅमा-ट्युब्युलिन कसं सापडलं? आणि त्यात बुरशीनाशकाचा काय संबंध?

संबंध अगदी थेट आहे आणि शेती करणाऱ्या घरातल्या मुलांना तो लवकर कळेल. बियाण्याला बीजप्रक्रिया करताना वापरतात ते कार्बेन्डाझिम, आणि त्याचं आधीचं रूप बेनोमिल, ही बेन्झिमिडॅझोल गटातली औषधं. ती बुरशीच्या बीटा-ट्युब्युलिनला चिकटतात. सूक्ष्मनलिका बनेनाशा होतात आणि बुरशीचं विभाजन थांबतं. द्राक्षावरच्या भुरी रोगाला ती लागू पडतात पण केवडा रोगाला पडत नाहीत, कारण केवड्याचा रोगकारक खरी बुरशी नाही आणि त्याच्या ट्युब्युलिनवर या औषधाचा जोर चालत नाही. वारंवार फवारल्यावर भुरीही दाद देईनाशी होते, त्याचं मुख्य कारण बीटा-ट्युब्युलिनमधलं एखादं अमिनो आम्ल बदललेलं असतं. १९८ आणि २०० या क्रमांकाच्या जागा त्यासाठी कुप्रसिद्ध आहेत.

प्रयोगशाळेत हीच गोष्ट हत्यार झाली. ॲस्परजिलस निड्युलान्स या बुरशीत बेनोमिलला दाद न देणारी वाणं निवडली, तेव्हा त्यांतली बरीच बेन-ए या जनुकात बिघडलेली निघाली. ते बीटा-ट्युब्युलिनचं जनुक होतं. त्यातलं एक वाण उष्ण तापमानात मरत असे. ओहायो स्टेट विद्यापीठात बर्ल ओकली यांच्या गटाने त्या वाणात असे नवे बदल शोधले, जे ते पुन्हा जगवतील. अपेक्षा अशी, की बीटा-ट्युब्युलिनशी गाठ पडणारं एखादं प्रथिन हाती लागेल. एका बदलाने मिप-ए नावाचं जनुक दाखवलं. त्याचा क्रम वाचला तर ते अल्फाही नव्हतं आणि बीटाही नव्हतं, पण कुळ ट्युब्युलिनचंच. १९८९ मध्ये बर्ल आणि एलिझाबेथ ओकली यांनी त्याला गॅमा-ट्युब्युलिन म्हटलं. पुढच्याच वर्षी ते स्पिंडलच्या ध्रुवावर बसतं हेही दिसलं.

नलिकेच्या अंगात हे प्रथिन नसतं, फक्त बुडाशी असतं. सॅकरोमायसिसमध्ये त्याचं नाव टब४.

१३ हा आकडा कुठून येतो?

टब४ एकटं काम करत नाही. दोन टब४, एक एसपीसी९७ आणि एक एसपीसी९८ अशा चौघांचा एक संच असतो, सुमारे ३०० किलोडाल्टनचा. आकार इंग्रजी व्ही अक्षरासारखा: तळाशी एसपीसी९७ आणि ९८ एकमेकांना धरून, वरच्या दोन टोकांवर एकेक टब४.

हे सुटे संच फारसं काही करत नाहीत. एसपीसी११० च्या टोकाशी आले की मात्र ते शेजारी शेजारी लागून गोल जिन्यासारखे वळतात. डेव्हिड अगार्ड यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रयोगशाळेत जस्टिन कोलमन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ही रचना दाखवली. एका वळणात साडेसहा संच बसतात. प्रत्येक संचात दोन टब४, म्हणजे एका वळणात १३. प्रत्यक्षात सात संच लागतात आणि सातव्याचा अर्धा भाग पहिल्याच्या वर येतो. तेराच्या तेरा टब४ वर एकेक धागा उभा राहतो. परीक्षानळीत धाग्यांची संख्या भरकटते आणि पेशीत भरकटत नाही, त्याचं कारण हे.

गोष्ट इथे संपत नाही. या कड्यातले टब४ एकमेकांपासून नलिकेतल्या धाग्यांइतक्या नेमक्या अंतरावर नव्हते. प्रत्येक संचाचे दोन हात किंचित फाकलेले होते. २०१५ मध्ये त्याच गटाने रासायनिक बंध घालून हे हात जबरदस्तीने जवळ आणले, तर नलिका सुरू करण्याची क्षमता वाढली. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे, कडं बनणं ही एक पायरी आणि ते घट्ट मिटणं ही वेगळी पायरी. दोन्हीवर पेशीला ताबा ठेवता येतो. दुसरी गोष्ट म्हणजे यीस्टचं मिटलेलं कडं यीस्टच्या ट्युब्युलिनवर जोमाने काम करतं, गाई-म्हशींच्या मेंदूतल्या ट्युब्युलिनवर तितकं नाही. आधीची कित्येक वर्षं यीस्टच्या संचाची परीक्षा सस्तन प्राण्यांच्या मेंदूतल्या ट्युब्युलिनवर घेतली जात होती, कारण ते काढायला सोपं. संच दुबळा वाटायचा तो काही अंशी यामुळे.

आत आणि बाहेर एकच संच असतो का?

संच तोच, बांधणारा वेगळा. केंद्रकाच्या आत एसपीसी११० आणि बाहेर एसपीसी७२. संच तयार होतो पेशीद्रवात. एसपीसी९८ वर केंद्रकात शिरण्याचा परवाना असलेला तुकडा आहे, त्याच्या जोरावर तो आत नेला जातो.

बाहेरच्या एसपीसी७२ ला स्टू२ नावाच्या प्रथिनाची साथ असते. स्टू२ ट्युब्युलिनच्या जोड्या धरून धन टोकाला पुरवतं, पण २०१८ च्या कामातून दिसलं की एसपीसी७२ जवळ संचांचं कडं जुळवायलाही ते हातभार लावतं. जी१ टप्प्यात, म्हणजे नवी कळी फुटण्याआधी, बाहेरच्या नलिकांची जागा थोडी सरकते. तेव्हा एसपीसी७२ एसपीबीच्या बाजूला जोडलेल्या अर्ध-पुलावर बसतं आणि नंतर बाहेरच्या थराकडे येतं. अर्ध-पूल म्हणजे काय ते पुढच्या उत्तरात.

एका एसपीबीच्या दोन कशा होतात?

दोन ध्रुव हवेत, तर विभाजनाआधी एसपीबी दुप्पट व्हायलाच हवी, आणि तीही एकदाच. ब्रेक बायर्स आणि लॉरेटा गोएच यांनी १९७५ मध्ये सिएटलमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली याचे टप्पे लावले. ते आजही तसेच शिकवले जातात.

चकतीच्या एका कडेला केंद्रकावरणावर पसरलेला पातळ पट्टा असतो, तो अर्ध-पूल. त्याचा मुख्य घटक एसएफआय१ हा लांब, सरळ रेणू. त्याच्या अंगभर सीडीसी३१ चे रेणू ओळीने चिकटलेले असतात. हे सीडीसी३१ म्हणजे सेंट्रिन, आपल्या तारककेंद्रातही सापडणारं. एसएफआय१ चं एक टोक जुन्या एसपीबीला धरून असतं आणि दुसरं मोकळं. दुप्पट होण्याची वेळ आली की या मोकळ्या टोकाला दुसरा एसएफआय१ उलट्या तोंडाने येऊन जुळतो. पट्टा दुप्पट लांब होतो आणि त्याच्या दूरच्या टोकाला नवी एसपीबी रचण्याची जागा आपोआप तयार होते. तिथे आधी एक ठिपका जमतो, मग त्याची चकती होते आणि शेवटी केंद्रकावरणात भोक पडून चकती आत बसते.

पुन्हा-पुन्हा दुप्पट होऊ नये याची तजवीजही याच जोडावर आहे. सीडीके१ हे किनेझ, म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट लावणारं विकर, एसएफआय१ च्या मोकळ्या टोकावर फॉस्फेट लावतं. फॉस्फेट असेपर्यंत नवा रेणू जुळत नाही. विभाजन संपताना सीडीसी१४ हे विकर ते फॉस्फेट काढतं आणि पुढच्या चक्रासाठी परवानगी मिळते. २०१४ मध्ये दोन गटांनी हे वेगवेगळं दाखवलं.

सीडीसी३१ बिघडलं तर मोठी कळी आलेली पण एकच एसपीबी असलेली पेशी दिसते. एकाच ध्रुवाच्या नलिका असतात आणि गुणसूत्रं वाटली जात नाहीत.

मग त्या दोन एसपीबी लांब कशा जातात?

दोन्हींच्या नलिका समोरासमोर येऊन एकमेकींत गुंततात. गुंतलेल्या भागात सिन८ आणि किप१ ही किनेसिन-५ गटातली मोटर-प्रथिनं दोन्ही बाजूंच्या नलिकांना एकाच वेळी धरून बाहेर ढकलतात. कार३ ही मोटर याच्या उलट, आत ओढते. सिन८ आणि किप१ दोन्ही काढून टाकली तर स्पिंडल कोसळतं. त्यासोबत कार३ ही काढलं, तर काही प्रमाणात टिकतं. ताणाताणीत कोण जिंकतं यावर लांबी ठरते.

स्पिंडलमध्ये नलिका असतात तरी किती?

आश्चर्य वाटेल इतक्या कमी. १९९५ मध्ये मार्क विनी आणि सहकाऱ्यांनी पातळ कापांवरून अख्ख्या स्पिंडलचं त्रिमितीय चित्र जुळवलं. एकगुणित पेशीत सगळ्या मिळून ४० च्या आसपास. प्रत्येक ध्रुवाकडून १६ नलिका गुणसूत्रांना आणि चारएक मध्ये गुंतायला. गुणसूत्रबिंदूमागे एकच नलिका! हा गुणसूत्रबिंदू सुमारे १२५ बेस-जोड्यांचाच, माणसाच्या मानाने नगण्य. पश्चावस्थेपूर्वी स्पिंडल दीड-दोन मायक्रोमीटरचं असतं, नंतर ८ मायक्रोमीटरच्या पुढे ताणलं जातं आणि शेवटी मधल्या मोजक्याच नलिका उरतात.

एकच नलिका, मग ती चुकीच्या ध्रुवाची निघाली तर?

हे वारंवार होतं. अर्ध-पुलावरून नुकत्याच वेगळ्या झालेल्या दोन एसपीबी जवळजवळ असताना जोडीतली दोन्ही अर्धगुणसूत्रं एकाच ध्रुवाला अडकतात. अशा वेळी ताण येत नाही. आयपीएल१ नावाचं किनेझ ताण नसलेला जोड सोडवतं, नवी नलिका येते, पुन्हा प्रयत्न. दोन बाजूंनी ओढ बसली की जोड टिकतो.

सगळी गुणसूत्रं नीट जोडली जाईपर्यंत पश्चावस्था रोखून धरणारी एक चौकी असते. तिची मॅड आणि बब ही जनुकं १९९१ मध्ये दोन गटांनी शोधली, आणि पुन्हा त्याच औषधगटाच्या मदतीने: बेनोमिलमुळे नलिका नसतानाही जी वाणं न थांबता विभाजन रेटत राहिली आणि मेली, त्यांत ही जनुकं बिघडलेली होती. ‘बब’ या नावातला शेवटचा ‘ब’ बेन्झिमिडॅझोलचाच. अशीच चौकी आपल्याही पेशीत, जवळपास याच प्रथिनांची आहे.

जुनी एसपीबी कुणाकडे जाते, आईकडे की कळीकडे?

कळीकडे, बहुतेक वेळा. एल्मार शीबेल यांच्या गटात जिस्लेन परेरा यांनी २००१ मध्ये हे दाखवलं. लाल चकाकणारं जे प्रथिन त्यांनी एसपीसी४२ ला जोडलं, त्याला रंग यायला वेळ लागतो. त्यामुळे जुनी एसपीबी ठळक दिसते आणि नवी फिकट. ठळक ठिपका कळीत जाताना दिसला.

यंत्रणा बाहेरच्या नलिकांची आहे. कार९ हे प्रथिन मुख्यतः जुन्या ध्रुवाच्या नलिकांवर चढतं, एका बाजूने बिम१ या प्रथिनामार्फत नलिकेचं धन टोक आणि दुसऱ्या बाजूने मायो२ ही मोटर धरतं. मायो२ ॲक्टिन या प्रथिनाच्या दोरावरून कळीकडे चालतं, त्याच्यामागे नलिका आणि तिच्यामागे अख्खं केंद्रक. पुढची ओढ डायनीन ही दुसरी मोटर देते.

कळीत ध्रुव पोचलाच नाही तर? मग विभाजन संपवण्याची परवानगी मिळत नाही. टेम१ हे प्रथिन एसपीबीवर बसूनच परवानगी देतं. आईच्या हद्दीत किन४ त्याला दाबून ठेवण्याची व्यवस्था चालू ठेवतं, कळीत एलटीई१ ती सैल करतं. एसपीबी केवळ नलिकांचं बूड नाही, निर्णयाची कचेरीही तिथेच आहे. अभ्यासक्रमात या भागाला एक ओळ मिळते, ते मला नेहमी अन्यायाचं वाटतं.

फिशन यीस्टमध्येही असंच असतं का?

नाही, आणि तुलना करायला तेच उत्तम. शायझोसॅकरोमायसिस पोम्बे ही दंडगोल पेशी. लांब वाढते आणि मध्यावर दुभंगते. गुणसूत्रं तीनच, पण प्रत्येक गुणसूत्रबिंदूला दोन ते चार नलिका. तिची एसपीबी एरवी केंद्रकाच्या बाहेर चिकटून असते आणि विभाजनापुरती केंद्रकावरणात शिरते.

मोठा फरक जागांचा. विभाजन नसताना नलिका केंद्रकाच्या पृष्ठभागावरून आणि आधीच्या नलिकांवरूनही उगवतात. विभाजन संपताना पेशीच्या मध्यावर, जिथे भिंत पडणार तिथे, आणखी एक जागा सुरू होते. या तिन्ही बाहेरच्या जागांवर संच बांधणारं प्रथिन एमटीओ१. ते काढलं तर पेशी वाकडी वाढते, कारण वाढीचं टोक दाखवणाऱ्या नलिकाच विस्कळीत होतात. पण स्पिंडल बनतं, कारण आत एसपीसी११० चा भाऊबंद पीसीपी१ शाबूत असतो. जागा बदलायची तर बूड बदलावं लागत नाही, बांधणारा बदलला की पुरतं.

भारतात यावर काम होतं का?

होतं. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये कौस्तुभ सान्याल यांच्या गटाने रोगकारक यीस्टवर बरंच काम केलं आहे. मेंदूज्वर करणाऱ्या क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्समध्ये चित्र वेगळंच आहे. तिथे सुरुवातीला नलिकांच्या अनेक जागा विखुरलेल्या असतात आणि विभाजनाच्या तोंडावर त्या एकत्र येतात. केंद्रक कळीत सरकतं आणि गुणसूत्रं तिथे विभागली जातात. पवईच्या आयआयटीतही यीस्टमधली गुणसूत्र-विभागणी आणि ट्युब्युलिनवर चालणारी औषधं, दोन्हींवर संशोधन झालेलं आहे.

कोल्चिसिन देऊन यीस्टचं विभाजन थांबवता येईल? कांद्याच्या मुळावर तर चालतं.

नाही. यीस्टचं ट्युब्युलिन त्याला फार कमी जुमानतं. कर्करोगावरचं टॅक्सॉल हे औषधही चालत नाही. बीटा-ट्युब्युलिनमधली पाच अमिनो आम्लं बदलल्यावरच ते यीस्टच्या ट्युब्युलिनला चिकटलं. यीस्टसाठी बेनोमिल किंवा त्याच गटातलं नॉकोडॅझोल.

यातलं माणसाला काय लागू पडतं?

एसपीसी९७ आणि ९८ यांची आपली रूपं जीसीपी२ आणि जीसीपी३. आपल्या कड्यात त्यांच्याबरोबर जीसीपी४, ५ आणि ६ ही असतात, म्हणून यीस्टचं कडं एकाच संचाच्या पुनरावृत्तीने होतं आणि आपलं नाही. आपलं कडं पेशीद्रवातच तयार होऊन फिरतं. यीस्टमध्ये ते एसपीबीवर जुळतं. जीसीपी४ किंवा ६ च्या जनुकांत दोष असेल तर डोकं लहान राहणं आणि दृष्टिपटलाचे विकार असा आजार होतो. वाढत्या मेंदूत विभाजनं प्रचंड संख्येने होत असल्यामुळे तिथे किंचित उणीवही अंगाशी येते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत यातलं काही दिसेल?

नलिका दिसणार नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा २०० नॅनोमीटरच्या आसपास आणि नलिका २५ ची. त्यासाठी हिरव्या चकाकणाऱ्या प्रथिनाला जोडलेलं अल्फा-ट्युब्युलिन आणि प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक लागतो. मग आई-कळीच्या मानेत एक आखूड हिरवी रेघ आणि पश्चावस्थेत ती लांबलेली दिसते.

परिणाम मात्र साध्या साधनांनी दिसतो. वाढत्या यीस्टमध्ये नॉकोडॅझोल घालून दीड-दोन तासांनी ४० च्या भिंगाखाली पाहा. कळी नसलेल्या आणि छोट्या कळीच्या पेशी कमी होतात, आईएवढीच कळी आलेल्या पेशींची गर्दी होते. त्या मॅड-बबच्या चौकीवर अडकलेल्या असतात. औषध न घातलेला नमुना शेजारी ठेवा आणि दोन्हीकडे शंभर-दोनशे पेशी मोजा. मॅड किंवा बब बिघडलेलं वाण मिळालं तर बेनोमिलच्या प्लेटवर दोन्ही वाणांचे दहा-दहापट पातळ केलेले थेंब ओळीने ठेवा. औषधाची मात्रा आधी साध्या वाणावर तपासून घ्या, कारण ती थोडी जास्त झाली तर साधं वाणही वाढत नाही. प्लेट कमी तापमानात ठेवल्या तर तीच मात्रा अधिक कडक वागते, कारण थंडीत नलिका आधीच कमकुवत झालेल्या असतात. आणि बेनोमिल हाताळताना हातमोजे घालाच.